सासऱ्यांची शुगर

सासऱ्यांची शुगर तपासायची असं मी ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

आमचे सासरे धर्मराज म्हात्रे म्हणजे नेऱ्याचे शेतकरी. वय बहात्तर, चहात साखर चार चमचे. मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे क्लार्क. कंटेनरचे कागद तपासता तपासता मला माणसंही तपासायची सवय लागलीय. (बायको म्हणते, कागद निदान ऐकून तरी घेतात.)

२०११च्या मे महिन्यात मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) आंब्यांची पेटी घेऊन पनवेलला आमच्याकडे आले. मी आदल्याच दिवशी शुगर तपासायचं मशीन आणलं होतं. बोटाला सुई टोचायची, पट्टीवर रक्ताचा थेंब, पाच सेकंदांत निकाल. बायको विनिता पुऱ्या लाटत होती, मी आंबे पिळत होतो. मामा हातपाय धुऊन येऊन बसले, तसे मी हात पंचाला पुसले आणि मशीन काढलं.

"मामा, बोट द्या."

"आदी तुमी," मामा म्हणाले. "शिकवनाऱ्यानं आदी करून दाखवाचा."

मी डोळे मिटून सुई टोचली. (रक्त पाहिलं की मला गरगरतं.) डोळे उघडले तर मशीनवर चारशे सव्वीस!

"किती पायजे?" मामांनी विचारलं.

"सव्वाशेच्या आत," मी पुटपुटलो.

मग मामांची पाहिली. एकशे चार.

विनिताने आधी गॅस बंद केला, मग माझ्यासमोरचं रसाचं पातेलं उचललं. माझ्या घशाला कोरड पडली. सकाळपासून तहान लागतेय हेही आठवलं. (मे महिन्यात ती सगळ्या पनवेलला लागते.)

"विनिता, पॉलिसीचे कागद निळ्या फाइलमध्ये आहेत."

"त्यात विजेची बिलं आहेत हो!" ती रडवेली झाली. तिने माझा हात घट्ट धरला. "अगंबाई, हात किती चिकट झालाय! घाम फुटलाय तुम्हाला!"

मामांनी जीप काढली. फाटकाशी शेजारचे महादेवराव भेटले.

"जावयाला चारशे सव्वीस!" मामांनी जीपमधूनच सांगितलं.

"अभिनंदन!" महादेवराव म्हणाले. "दहावीला बाहेरून बसले होते का?"

डॉक्टर वसुंधराबाईंनी मशीनवरचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"तपासण्यापूर्वी काय करत होतात?"

"आंबे पिळत होतो."

"हात धुतले होते?"

"पुसले होते."

त्यांनी मला बेसिनकडे पाठवलं. साबणाने हात धुऊन आलो, त्यांनी दुसरं बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव.

"तुम्ही आंब्याची शुगर मोजलीत," बाई म्हणाल्या.

विनिता हसता हसता रडली. मामांनी पाठीवर अशी थाप मारली, की हाडं तपासायची वेळ आली. मलाही इतकं हलकं वाटलं, की बाईंनी लिहून दिलेला कागद न वाचताच मी खाली केमिस्टकडे दिला. (डॉक्टरांचं अक्षर आपल्याला थोडंच लागतं!)

केमिस्टने कागद दोनदा वाचला. माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळुवार आवाजात विचारलं,

"इथे 'जेवणापूर्वी व तपासणीपूर्वी हात धुणे' असं लिहिलंय. पेशंटचं वय काय? लहान मुलांचा साबण वेगळा येतो."