दहाव्या बाटलीतली झोप

मला झोपेच्या गोळ्यांतलं सगळं कळतं. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे, थोडं फुशारकीनेच सांगतो. एकतीस वर्षं मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवलं आहे. माझ्या तासाला मुलं झोपत, त्यामुळे या विषयाचं प्रात्यक्षिकही आपोआप होई.

तर असा मी घरात असताना माझी बायको श्यामला नऊ वर्षं रोज झोपेची गोळी घेत होती. तिची आई गेली तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरती दिली होती. पंधरा दिवस संपले, गोळी राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. यंदा मार्चमध्ये ती पहाटे बाथरूमकडे जाताना भेलकांडली आणि मनगट मोडून बसली.

डॉक्टर अस्मिता माझीच विद्यार्थिनी. प्लास्टर घालून झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं. "सर, या वयात या गोळीने तोल जातो, हे मी तुम्हाला सांगायचं? आज मनगट गेलं, उद्या खुबा जाईल. गोळी सोडवा. पण हळूहळू." दर आठवड्याला डोस किती कमी करायचा, तेही तिने लिहून दिलं.

हळूहळू का, ते सांगतो. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. त्याचं काम ब्रेक लावायचं. ही गोळी त्या ब्रेकवर आणखी एक पाय ठेवते. काही महिन्यांत मेंदू आळशी होतो, म्हणतो, गोळी आहे ना, मग मी कशाला दाबू? अशा वेळी गोळी एकदम काढली तर गाडी उतारावरून सुसाट सुटते. झोप तर उडतेच, पण हातपाय कापतात, फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची.

श्यामलाने गोळीचा पाव तुकडा कमी केला आणि रात्रभर छताकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा." कमी झालेली गोळी तिला डोळ्यांनी दिसत होती, तिथेच सगळं बिघडत होतं. मग मी तिला कात्रजचा घाट दाखवायचं ठरवलं.

रिकाम्या कॅप्सूल आणल्या. ती फिजिओथेरपीला गेली की मी जेवणाच्या टेबलावर गोळ्या खलात कुटायचो, त्यात स्टार्च मिसळायचो, काट्यावर तोलून भरायचो. दहा आठवड्यांच्या दहा बाटल्या झाल्या. पहिलीत जवळजवळ पूर्ण डोस, मग उतरता, आणि दहावीत निव्वळ स्टार्च. तिला सांगितलं, "अस्मिताने नवीन कॅप्सूल दिली आहे. पोटाला हलकी. बाटल्या नंबराप्रमाणेच घ्यायच्या."

पाच आठवडे झकास गेले. ती रोज सकाळी चहा देताना सांगायची, "काय सुरेख झोप लागते हो या नवीन औषधाने." मी गंभीर चेहऱ्याने मान हलवायचो. मनात मात्र माझा सत्कार चालू असायचा. शाल, श्रीफळ, सगळं.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी जेवताना ती सहज म्हणाली, "बापूरावांना काल तुमच्या चार कॅप्सूल दिल्या."

माझा घास हातातच राहिला. बापूराव आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. वय शहात्तर. सारा जन्म मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या आडतीवर गेला. चार महिन्यांपूर्वी गाळा मुलाच्या हाती दिला आणि तेव्हापासून त्याची झोप गेली. मला तो मास्तर म्हणतो, कारण पेशंट न तपासणारा डॉक्टर त्याला मान्य नाही. आणि रोज संध्याकाळी तो नेमाने एक पेग घेतो.

"अगं, औषध काय असं वाटायचं असतं? लोणचं आहे का ते?"

"चार महिने झोपला नाही बिचारा. म्हणाला, एकानं काय होतंय वहिनी, मी दोन घेणार. आज सकाळी फिरायलासुद्धा आला नाही, म्हणजे लागली असेल. पण ऐका ना, मी त्या..."

मी काही ऐकलं नाही. माझी ती सवयच आहे, अर्धं ऐकायचं आणि पूर्ण शिकवायचं. माझ्या डोळ्यांपुढे फळ्यावरचं वाक्य उभं राहिलं, जे मी एकतीस वर्षं खडूने दोनदा अधोरेखित केलं होतं: या गोळीबरोबर दारू घेतली तर श्वास मंदावून बंद पडू शकतो. मी खरकट्या हाताने जिना चढलो.

बेल वाजेना. दार वाजवलं, आवाज नाही. फोन लावला, तो आत कुठेतरी वाजून वाजून थांबला. त्याची बायको माहेरी गेलेली. मी अस्मिताला फोन केला. ती म्हणाली, "सर, वाट बघत बसू नका. दार उघडा आणि श्वास बघा. मी अ‍ॅम्ब्युलन्स पाठवते."

पुढच्या वीस मिनिटांत जवळच्या धायरीतला चावीवाला आला, वॉचमन आला, आणि दुपारच्या वामकुक्षीतून उठलेली निम्मी सोसायटी जिन्यात जमली. प्रत्येकाचं मत वेगळं. एक जण म्हणाला, कुलूप फोडा. दुसरा म्हणाला, आधी कमिटीची परवानगी घ्या. चावीवाल्याने ड्रिल लावलं. मी दाराला कान लावून श्वास ऐकत होतो. ड्रिल चालू असताना तो ऐकू येत नाही, हेही मला सुचलं नाही. मी एका माणसाला मारलं, एवढंच डोक्यात होतं.

कुलूप खाली पडलं, दार उघडलं, आणि समोर बापूराव उभा. पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, बनियन, हातात कानाचं यंत्र.

"काय चाललंय मास्तर? कुलूप माझं हाय."

"बेल का वाजत नाही तुमची?"

"दुपारच्याला बंद ठिवतो. झोपतो मी. आजवर नुसता पडायचो, आज लागली." मग जमलेल्या गर्दीला त्याने हात जोडले. "वहिनींच्या गोळ्या म्हंजे अमृत हाय. काल राती दोन घेतल्या, वर एक पेग. लेकरावानी झोपलो."

"दोन घेतल्या!" मी त्याची नाडी धरली. उत्तम चालली होती, माझ्यापेक्षा कितीतरी बरी.

तेवढ्यात श्यामला मनगट सांभाळत वर आली. "अहो, सांगत होते तर थांबला नाहीत. दहाव्या बाटलीतल्या दिल्या मी. चालू बाटलीतलं दुसऱ्याला कसं द्यायचं? बरं दिसतं का?"

"दहाव्या?" माझ्या जिवात जीव आला. "मग एवढं घाबरायचं काय कारण? दहावीत नुसता स्टार्च आहे!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"स्टार्च?" बापूराव म्हणाला. "म्हंजे कापडाची खळ?"

श्यामलाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती. "आणि सहावीत काय आहे?"

खोटं बोलायला हवं होतं. पण मास्तर शेवटी मास्तरच. "सहावीत निम्म्याहून कमी," मी म्हणालो. "पाचवीत निम्मं."

ती वळून खाली गेली. अ‍ॅम्ब्युलन्स आली, तिच्या ड्रायव्हरला मी पाणी विचारलं.

त्या दिवसापासून श्यामलाने सहावी बाटली तेवढी चालू ठेवली, बाकी माझ्या हातचं काही घेणं सोडलं. स्वतःचा चहा स्वतः करायची, एका हाताने. मी भाजीत मीठ घातलं तर डबा हुंगून बघायची. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "भांड तरी."

"फसवलंत याचं नाही एवढं वाटत," ती म्हणाली. "मी रोज सकाळी येऊन सांगायची, किती छान झोप लागली. आणि तुम्ही मनात हसत होतात."

मला फार वाईट वाटलं, कारण त्यात थोडं खरं होतं. "सकाळी हसायचो," मी कबूल केलं. "रात्री नाही. डोस उतरवल्यापासून मी रोज तुझा श्वास मोजत पडतो. तुला फिट आली तर, पुन्हा पडलीस तर. सहा आठवडे झोपलो नाही गं मी."

त्या दुपारी तिने दोन कप चहा केला.

अस्मिताकडे गेलो तेव्हा तिने मला धारेवर धरलं. "सर, डोस कमी करायला सांगितलं होतं, लपवायला नाही. पेशंटच्या संमतीवर तुम्हीच दोन लेक्चरं घेतली होती."

"तेव्हा बायको वर्गात नव्हती."

"काकू," ती श्यामलाकडे वळली, "तुम्ही आत्ता निम्म्याहून कमी डोसवर आहात. झोप कशी आहे?"

"चांगली आहे," श्यामला सावकाश म्हणाली. "म्हणजे ती माझी मलाच लागत होती?"

"निम्मी तरी तुमचीच."

घरी आल्यावर तिने सगळ्या बाटल्या रिकाम्या केल्या. "आता मी भरणार. तुम्ही फक्त तोलून सांगा." पुढचे चार आठवडे आम्ही दोघं टेबलाशी बसलो. आठव्या आठवड्यात तिच्या तीन रात्री वाईट गेल्या. तिसऱ्या रात्री तिने गोळीची जुनी स्ट्रिप हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "परत करा दुकानात." दहाव्या आठवड्याच्या शेवटी ती काहीही न घेता झोपली. सकाळी उठली, सरळ चालत गेली, सरळ चालत आली. मला रडू आलं, तर म्हणाली, "आता हे काय नवीन?"

प्रश्न राहिला माझा. ती झोपायला लागली, पण मला जागायची सवय लागली. सगळे उपाय मला पाठ, एकही लागू पडेना. शेवटी परवा तिने माझ्यापुढे एक बाटली ठेवली. आत तिने भरलेल्या कॅप्सूल.

"रोज रात्री एक घ्यायची."

"यात काय आहे?"

"विचारायचं नाही."

मी घेतो. अंथरुणाला पाठ टेकली की थेट सकाळचे सात. एकतीस वर्षं औषधशास्त्र शिकवलेला माणूस मी. कॅप्सूल उघडून चिमूटभर जिभेवर ठेवली तर दोन मिनिटांत कळेल आत काय आहे. पण खरं सांगू का, मला झोप हवी आहे.