ॲनबाई आणि वाळवी

दहावीच्या पहिल्या पेपरला शाळेच्या फाटकापुढं लाल झेंडी घेऊन उभं राहायचं आणि आत जाणाऱ्या पोरांना अडवून विचारायचं, "कॉपीबंदीचा पयला कायदा कुणी केला?" हा आमच्या कोकरे आबांचा दरसालचा नेम. पोरं बिचारी घाबरून पंतप्रधानांपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांची नावं घ्यायची. "चूक!" आबा झेंडी फडकवायचे. "ॲनबाईनं!"

ही ॲनबाई म्हणजे कुणी आमच्या दौंडची शिक्षणाधिकारी नव्हे. ही इंग्लंडची राणी ॲन, जिला जाऊन शतकं लोटली. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून आबांना बाजूला घेऊन समजावलं. "आबा, तो कायदा कॉपीराइटचा, पुस्तक लिहिणाऱ्यांच्या हक्काचा. एकाचं पुस्तक दुसऱ्यानं परस्पर छापू नये म्हणून."

"मग पोरं कॉपी कशातनं करत्यात? पुस्तकातनंच ना?"

मी हात टेकले आणि पेपर वाटायला गेलो.

आबा मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. रेल्वे कॉलनीच्या मागं आमची बैठी चाळ, तिथं त्यांची आणि माझी भिंतीला भिंत. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीनं कधी काळी जुनी पुस्तकं रद्दीत काढली, त्यातून त्यांनी ॲनच्या कारकिर्दीवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचलून आणलं. डिक्शनरी घेऊन गार्डाच्या डब्यात एकट्यानं बसून ते वाचायला घेतलं. आता दिवेलागणीनंतर त्याचं मराठी करून काकूंना मोठ्यानं सांगायचे. काकू म्हणजे त्यांची बायको. आवाज मात्र गार्डाचा, इंजिनपर्यंत पोचणारा. मधली भिंत एका विटेची. मी इथं राहायला आलो त्या दिवसापासून टीव्हीवरच्या बातम्या मला धड ऐकू आलेल्या नाहीत. माझ्या बायकोला माझा वाढदिवस आठवत नाही, ॲनबाईचा राज्याभिषेक पाठ आहे.

त्या राज्याभिषेकानं तर माझी कंबर मोडली. ॲनबाईचे पाय वातानं सुजलेले होते, म्हणून तिला खुर्चीत बसवून नेलं. एका निवडणुकीत आबांचा पाय मुरगळला होता. मी रिक्षा बोलावली. आबा म्हणाले, "रिक्षा नगं. ॲनबाई खुर्चीतनंच गेली." मग आम्ही चौघांनी लाकडी खुर्ची खांद्यावर घेतली. आबा वरून हिरवी झेंडी दाखवत मतदानाला गेले आणि बोटाला शाई लावून तसेच परत आले. पुढं आठवडाभर मी फळ्यावर वरच्या बाजूला लिहू शकलो नाही.

मी एकदा चिडून म्हटलं, "अहो आबा, त्याच काळात आपल्याकडं ताराराणी औरंगजेबाच्या फौजेला पळता भुई थोडी करत होत्या. त्यांचं सांगा की!"

"त्यांचं तुम्ही सांगताच की शाळंत. ॲनबाईचं सांगाया हितं कोण हाय?"

आणि संताप कशाचा येतो सांगू? या माणसाचं कधी कधी खरं ठरतं. माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक शिरूरच्या घरात ठरत होती. मुलगी पसंत, मुलगा पसंत, पण लग्न कुणाच्या दारी यावर गाडी अडली. मुलाचे मामा पाबळचे. ते तर टोपी घालून उठलेच. तेवढ्यात आबा, ज्यांना बैठकीला कुणी बोलावलंच नव्हतं, दारातून म्हणाले, "बसा मामा. इंग्लंड आन् स्कॉटलंड तरी कुठं येकमेकांचं तोंड बघत व्हते? ॲनबाईनं येक केलं त्यास्नी."

मी कपाळावर हात मारला. मामा मात्र बसले. "मंग दरबार कुठं भरला?"

"लंडनला. म्हंजी मुलीकडं."

"आन् त्या दुसऱ्यांना काय मिळालं? धत्तुरा?"

"त्येंचा कायदा त्येंच्याकडं, त्येंचं देऊळ त्येंच्याकडं. त्यात लंडननं नाक खुपसायचं न्हाई."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग आचारी आन् वाजंत्री शिरूरची. त्यात तुमी नाक खुपसायचं न्हाई."

लग्न दौंडला झालं, जेवणात तिखट शिरूरचं पडलं आणि बहीण सुखात आहे. पण अजूनही दिवाळीला तिच्या सासरचे आले की आबा दारातून ओरडतात, "स्कॉटलंड आलं का?"

हेही सगळं मी सोसलं असतं. पण त्या पुस्तकाला शेवट नव्हता. शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती. त्यामुळं राज्य ऐन भरात आलं की आबा थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा राज्याभिषेकापासून सुरू करायचे. आणि वर म्हणायचे, राणी मेली याला पुरावा काय?

"अहो, मेलीच असणार ना! तीनशे वर्षं कोण जगतं?"

"तुमी बघितली?"

"इतिहास आहे हा!"

"मंग पान दावा."

एकदा मी कोंडीत पकडायला विचारलं, "बरं, तिला मूलबाळ काय होतं ते तरी सांगा." तर आबा टॉवेल झटकून उठले. "गाडीचा टाईम झाला," म्हणाले. निवृत्त माणसाची कसली गाडी? पळवाट, दुसरं काय!

मग मीही इरेला पेटलो. पेपर तपासणीसाठी पुण्याला गेलो होतो, तेव्हा एका लायब्ररीत बसून ॲनबाईचा शेवट हुडकला आणि झेरॉक्स काढली. बाईला सतरा वेळा दिवस गेले होते. एकच पोरगा जरा मोठा झाला, तोही अकराव्या वर्षी गेला. पुढं ती स्वतः गेली आणि गादी जर्मनीतल्या कुठल्या लांबच्या नातलगाकडं गेली. झालं! पान मिळालं. परतताना दौंड शटलमध्ये केडगाव स्टेशन येईपर्यंत आबांचा चेहरा कसा पडेल ते मी मनात रंगवत होतो.

आबा दाढी करायला गेले होते. काकू उंबऱ्यात मेथी निवडत बसलेल्या. मी कागद फडकवला. "काकू, शेवट सापडला! वाळवीनं खाल्लेलं सगळं यात आहे."

काकू मेथी टाकून उठल्या. "त्यास्नी दावलं न्हाई ना?"

"अजून नाही. पण..."

"द्या हिकडं." कागद त्यांनी माझ्या हातातून ओढूनच घेतला. "अवो मास्तर, कसली वाळवी? वाळवी म्हंजी मीच ती."

मी उंबऱ्याजवळच खाली बसलो.

"आमचा संजू तापानं गेला. तुमी हितं येयाच्या आधी. हे गाडी घेऊन मनमाडकडं गेलते. आले तवा सगळं आटपलं व्हतं. तवापसनं तोंडच उघडंनात. जेवा म्हनलं जेवायचं, झोपा म्हनलं झोपायचं. मंग ते पुस्तक आणलं. आन् येका संध्याकाळी आपनहून बोलले, 'अगं, हिचीबी लेकरं गेली. तरी उठून दरबारात जाती बघ.' त्या दिवसापसनं रोज बोलाया लागले." काकूंनी पदरानं नाक पुसलं. "मला इंग्रजी येत न्हाई, पर उरलेल्या पानांची जाडी तर दिसती का न्हाई? रोज कमी व्हायची. पुस्तक संपलं तर ह्यो मानूस परत गप बसंल, ह्या भ्यानं फाडली आन् बंबात घातली."

शेजारी राहून इतकी वर्षं मी फक्त आवाजाची तक्रार केली होती. काकू आत गेल्या आणि माझी झेरॉक्सही बंबात गेली.

संध्याकाळी आबा गुळगुळीत दाढी करून ओट्यावर बसले होते. "मास्तर, पुण्याला गेलता म्हनं. ॲनबाईचं काय कळलं का?"

"नाही हो आबा. तिथंही वाळवी लागलीय."

आबांनी मागं वळून दाराकडं बघितलं. आत काकू भाकरी थापत होत्या. आबांनी जन्मात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "वाळवी लई शानी असती, मास्तर. आमच्याकडच्या वाळवीनं पानं खाल्ली, पर शिवणीचा दोरा तसाच ठिवला. आन् कडंला हळदीचं बोट उमटवून गेली." मग चष्मा लावत म्हणाले, "तिला सांगू नका."

दिवेलागण झाली. भिंतीपलीकडं आवाज चढला. "तर ॲनबाईचे पाय ह्ये असे सुजलेले..."

"अगं बाई! मंग? गेली का न्हाई?" काकूंचा आवाज आला, जणू पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"गेली की! खुर्चीतनं गेली."

मी उठून टीव्ही बंद केला. "बातम्या चालल्या होत्या ना?" बायको म्हणाली. म्हटलं, "असू दे. आबांचं नीट ऐकू येत नाही."