कुट्टन मास्तरांच्या गुडघ्याचा मदत-सामना

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही कापणी झालेल्या भातशेतात उभे आहात. पायाखाली धसकटं, पुढ्यात फुटबॉल, भोवती दहा-बारा पोरं. मधोमध कमरेचं मुंडू लुंगीसारखं गुडघ्यावर दुमडून एक म्हातारा सांगतोय, "नीट बघा. गुडघा कसा सांभाळायचा हे एकदा कळलं की जन्मात दुखापत होत नाही."

तो म्हातारा मी. निवृत्त विज्ञानशिक्षक. मी पाय रोवला, कंबर वळवली आणि गुडघ्यातून अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. मी खाली बसलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही धड्याचाच भाग.

फक्त शिफ्ना पुढे आली. शेजारच्या नफीसाची ही नऊ वर्षांची मुलगी आमची गोलरक्षक.

"मास्तर, आता उठा की."

"धडा संपलेला नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? उठताच येत नव्हतं.

डॉक्टर सुहरा माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने गुडघ्याचा एमआरआय करायला लावला आणि मला समोर बसवून शिकवायला लागली. "मास्तर, मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये दोन गाद्या असतात. खोबऱ्याच्या कापासारख्या, चंद्रकोरी. त्यांना मेनिस्कस म्हणतात. तुमची आतल्या बाजूची गादी थोडी फाटलीय. वाकवताना गुडघा मध्येच अडकून बसतो का?"

"नाही. दुखतो मात्र."

"मग घाई नको. बर्फ, थोडी विश्रांती आणि नेमाने व्यायाम. मांडीचे स्नायू बळकट झाले की पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. नाही भागलं, किंवा गुडघा अडकायला लागला, तर दुर्बीण घालून फाटलेला भाग छाटता येतो, नाहीतर टाके घालता येतात. पण तुमच्या वयात टाके धरतीलच असं नाही. आणि छाटलेली गादी परत उगवत नाही."

"तू माझ्या जागी असतीस तर?"

"व्यायाम केला असता. आणि मुलांसमोर गिरक्या घेतल्या नसत्या."

संपला विषय, असंच तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण हा गुडघा केरळातल्या मलप्पुरमचा. इथे घरटी एक माणूस सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचा फुटबॉल, खेळलेला, म्हणजे घरटी एक गुडघा गेलेला. लोक ब्रेड आणि द्राक्षं घेऊन बघायला यायचे आणि एकेक उपचार ठेवून जायचे.

गावाचे हातपाय चोळून देणारे कणारन गुरुक्कळ तेलाची बाटलीच घेऊन आले. "टाके? गुडघा म्हणजे काय ब्लाउज आहे? माझ्या हाती द्या, चोळून सरळ करतो."

"वाकडा झालेला नाही हो, फाटलाय."

"तेल फाटक्यातही जातं."

हंसा पूर्वी बचावफळीत खेळायचा, आता मासे विकतो. तो म्हणाला, "मास्तर, छाटून मोकळे व्हा. माझा छाटला, महिन्याभरात मैदानात उतरलो."

"मग?"

"मग दुसरा गेला."

मी तावातावाने प्रत्येकाला चंद्रकोरीची आकृती काढून दाखवत होतो. शेवटी आमची दाक्षायणी म्हणाली, "अहो, सगळ्यांना हो म्हणा. ते लवकर उठतील आणि माझा चहा वाचेल."

तेवढं ऐकलं नाही, हे बरं झालं की वाईट, कळत नाही. कारण शेवटी आला बीरान. आमच्या क्लबचा सचिव, मनाने लोणी, कानाने दगड. आमच्याकडे कुणाची शस्त्रक्रिया असली की क्लब मदतीसाठी सामना भरवतो. चांगली रीत आहे. पण त्यासाठी शस्त्रक्रिया असावी लागते!

"सुहराने व्यायाम सांगितलाय," मी त्याला म्हणालो. "नाहीच जमलं तर शस्त्रक्रिया."

बीरानच्या डोळ्यांत पाणी आलं. "मास्तर, आमच्यापासून लपवता होय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्णा बांधलेली जीप दारावरून गेली. "फुटबॉलप्रेमींनो! सर्वांचे लाडके कुट्टन मास्तर, यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी भव्य मदत-सामना!"

मी लंगडत रस्त्यावर धावलो. "बीरान, थांबव हे. मला शस्त्रक्रिया करायची नाही."

"सगळे असंच म्हणतात मास्तर. भीती वाटते सुरुवातीला."

"भीती नाही रे, गरज नाही! फार तर असं कर, 'मास्तरांच्या व्यायामासाठी सामना' अशी घोषणा दे."

बीरानने कपाळावर हात मारला. "व्यायामासाठी तिकीट कोण काढेल? आणि आता मागे फिरता येत नाही. सामन्यासाठी पैसे देऊन बोलावलेला घानाचा खेळाडू कोळिकोडपर्यंत पोचलाय."

नाक्यावर माझा फलक लागला. फोटो जुना, चेहरा गंभीर, भोवती फुलांची नक्षी. तो बघून दोन नातेवाईक पांढरे कपडे घालून घरी आले आणि मीच दार उघडल्यावर जरा खट्टू झाले. बीरानने परस्पर शहरातल्या इस्पितळात तारीख घेतली. सामना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात. वर मला ताकीद, "तोपर्यंत चालताना दिसू नका. लोक काय म्हणतील?"

आता सांगा, स्वतःचा गुडघा स्वतःच्या घरात चोरून बरा करायचा? पण केला. स्वयंपाकघरामागे, फणसाच्या झाडाखाली, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन रोज दाबत होतो. शिफ्ना समोर बसून माझ्या चुका काढायची.

"मास्तर, श्वास कोंडताय."

"मला शिकवू नकोस."

"मग कोण शिकवणार? तुम्ही तर आजारी आहात."

सामन्याच्या संध्याकाळपर्यंत माझं दुखणं पुष्कळ उतरलं होतं. तरी मला चाकांच्या खुर्चीत बसवून, गळ्यात हार घालून मैदानाच्या मधोमध नेलं. बांबूचे सज्जे माणसांनी वाकले होते. निवेदक म्हणाला, "उद्या सकाळी आपले मास्तर..."

मी माइक हिसकावला. शिक्षक आहे शेवटी. गुडघ्याची रचना, फाटलेली गादी, व्यायाम, छाटणं, टाके, सगळं सोपं करून सांगितलं. इतका शांत वर्ग मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. मी म्हणालो, "काही शंका?"

"छाटा!" डावीकडच्या सज्ज्यातून आवाज आला.

"टाके घाला!" उजवीकडून.

"तेल!" हे गुरुक्कळ.

भांडण जुंपलं. तेव्हा बीरानने काय करावं? हात वर करायला लावून मतदान घेतलं. माझ्या गुडघ्यावर! छाटणीवाले प्रचंड बहुमताने निवडून आले. व्यायामाला एकच मत पडलं, शिफ्नाचं. तेही लहान म्हणून बाद केलं.

माझं डोकं फिरलं. उठलो, तरातरा चालत बीरानपाशी गेलो आणि त्याच्या छातीवर बोट ठेवलं. "पृथ्वी गोल आहे की चपटी, यावरही हात वर करायला लावशील का रे? गुडघा माझा आहे. उद्या तुझी गाडी आली तर तिच्यात तूच बस."

सगळं मैदान माझ्या पायांकडे बघायला लागलं.

"मास्तर," बीरान हळूच म्हणाला, "तुम्ही चालताय."

"मग गेले कित्येक दिवस मी सांगतोय काय?"

बीरान मटकन खाली बसला. "आता या सगळ्यांना काय तोंड दाखवू? गुडघ्यासाठी जमलेत हो. कुणाच्या तरी गुडघ्याचं काहीतरी करायलाच हवं."

हे शिफ्नाने ऐकलं. तिने रिकामी खुर्ची ढकलत सज्ज्यासमोर नेली आणि ओरडली, "ज्यांचा गुडघा खरंच दुखतोय त्यांनी रांगेत या, मास्तर व्यायाम शिकवतील!"

आधी हंसा आला. मग गुरुक्कळ, बाटली पाठीमागे लपवत. मग सज्जेच्या सज्जे रिकामे होऊ लागले. रांग गोलखांबाला वळसा घालून शेताच्या बांधापर्यंत गेली. तिच्यात दोन्ही कप्तान होते, पंच होता, आणि सर्वांत शेवटी, बिचकत, घानाचा पाहुणाही.

मैदानात खेळायला कुणीच उरलं नाही.

शिफ्नाने एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चेंडू उचलून मध्यावर ठेवला आणि धावत जाऊन रिकाम्या गोलात मारला.