किसनची डॉक्टरकी

आमच्या भांडगावात माणसं भेटली की राम राम करतात. किसन करत न्हाई. तो आधी तुमच्या पायाकडं बघतो आन् विचारतो, "टेकतोय का?" तोंड बघायचं सुचलंच तर मागाहून.

कुरकुंभच्या एका कंपनीत त्याच्या पायावर ड्रम पडला. डॉक्टरनं हाडात दोन स्क्रू घातले, आन् तवापासून हाच डॉक्टर झाला. कुणाचा पाय मुरगळला की अंगठ्यानं दाबणार आन् माणूस बोंबलला की खूश होणार. "फॅक्चर! चोळायचं न्हाई. फोटू काढायचा." एका मयतीला खांदेकरी जरा लंगडला, तर यानं तिरडी थांबवली. "घोटा सुजलाय तुझा. खाली ठेव ते." मेलेल्याला घाई नव्हती म्हणून निभावलं.

औंदा ट्रॉलीवरून उतरताना माझा पाय वाकडा पडला. मी म्हणालो, लचकलाय, आंबेहळद लावली की झालं. किसननं दाबून दाबून मला रडकुंडीला आणलं. "आबा, घोटा गेला." दौंडला फोटो काढला, तर घोटा धडधाकट. मोडलं होतं करंगळीमागचं हाड.

"शेजारीच हाय की," म्हणाला. लाज म्हणून न्हाई.

प्लास्टर होतं तोवर हा रोज सकाळी हजर. पायाखाली उशी घ्या, बोटं हलवा, आत काडी घालून खाजवू नका. चहा आमचा, आन् साखर कमी म्हणून कुरकुर याची. मी हाकलायचो, दुसऱ्या दिवशी परत खाटेशी.

प्लास्टर काढायला तोच मला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलं. आता हळूहळू चालायला लागा."

किसनचं तोंड उतरलं. "सायेब, आणखी पंधरा दिवस ऱ्हाऊ द्या की. घाई कशापायी?"

डॉक्टर हसले. मी दोन शिव्या घातल्या.

घरी आलो. मी पाय नीट टेकवत आत गेलो, पण हा दारातच उभा.

"चला आबा. आता माझं काय काम?" म्हणाला, पण हलंना.

त्याची बायको वारून लई दिस झाले, पोरगं पुण्याला. घरी जाऊन कुलूपच काढायचं. इतके दिवस हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

"दुखतोय अजून," मी म्हणालो.

"डॉक्टर तर म्हणले..."

"पाय डॉक्टरचा हाय का माझा? उद्या सकाळी येऊन बघ. आन् आता चहा घेऊन जा."

मग त्यानं चप्पल काढली.