आरशात पाहून निघा

ग्लेब अर्कादिएविचच्या हॉलमधला सोफा उन्हाळ्यात त्याचा नसे. पीटर्सबर्गमध्ये स्वतःचं घर असणं म्हणजे काय, हे बाहेरगावी नातेवाईक असलेल्यालाच कळतं. जूनमध्ये तिथे धड रात्र होत नाही, आणि रात्र होत नाही म्हणून पाहुणे झोपत नाहीत. यंदा सोफ्यावर बायकोची मावशी होती, सिझरानची कपितोलिना येगोरोवना, म्हणजे कापामावशी. येताना तिने व्होल्गेतले सुके मासे पिशवीभर आणले होते. जायची तारीख मात्र आणली नव्हती.

ग्लेबने तिला राजवाडा दाखवला, कारंजी दाखवली, सोनेरी घुमटाचं कॅथेड्रल दाखवलं. म्हणजे दारापर्यंत नेऊन सोडलं.

"तू नाही येत आत?" मावशी विचारी.

"पाहिलंय हो मावशी," असं म्हणून तो कोपऱ्यावर पिठीसाखर भुरभुरलेले गोड वडे खात बसे. सुटीतले दिवस असे वड्यांवर चालले होते. त्याला एकच हवं होतं: कुणालाही काहीही न दाखवता घालवलेला एक दिवस. सोफ्यावर, पाय लांब करून.

शिवाय रोज सकाळी मावशी दाराजवळच्या आरशापुढे टोपी बसवत उभी राही आणि ग्लेब बूट घालून घामाघूम होत उभा राही. शेवटी एका शनिवारी त्याने तो आरसा हळूच खिळ्यावरून उतरवला आणि गावाबाहेरच्या दाचावर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छोट्या घरी, नेऊन ठेवला. "तिथे दाढीला आरसा नाही," असं त्याने बायकोला, रिम्माला, सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून टोपी तिरकी बरी की सरळ, हे मावशी ग्लेबला विचारू लागली.

मग एकदा जेवताना, बीटचं सार पुढे आल्यावर, ग्लेब म्हणाला, "मावशी, एक सांगू? रशिया बघायचा तर मॉस्को बघावं."

रिम्माचा चमचा हवेतच थांबला. जन्माने पीटर्सबर्गचा माणूस मॉस्कोची स्तुती करतो, ते ताप डोक्यात गेल्यावर.

"अख्खं शहर आहे हो ते! नाहीतर आमचं. ओल आणि खांब. तिथे कधीही न उडालेली तोफ आहे, कधीही न वाजलेली घंटा आहे..."

"मग बघायचं काय त्यात?"

"तेच तर! कुठे आहे असं? आणि मेट्रोची स्टेशनं? झुंबरं आहेत, झुंबरं! तिकीट काढून नुसतं खाली बसलं तरी दिवस जातो. लाल चौकात त्या मोठ्या दुकानातलं आइस्क्रीम खायचं. आणि हवा कोरडी. तुमच्या गुडघ्यांना मानवेल."

गुडघ्यांवर मावशी विरघळली. ग्लेबने तिथल्या तिथे तिचं गाडीचं तिकीट काढलं. रिम्मा म्हणाली, "लाज वाटत नाही?" पण तेही हळूच म्हणाली.

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली येऊन उभी राहिली. रिवाजाप्रमाणे निघण्यापूर्वी सगळे क्षणभर गप्प बसले. मावशी सुटकेसवर, रिम्मा स्टुलावर, ग्लेब सोफ्याच्या कडेवर. बसल्याबसल्या त्याने उशी चाचपून पाहिली. उद्या इथे डोकं असेल.

सगळे उठले, दार ओढलं, जिना उतरले. टॅक्सीत एक पाय टाकल्यावर मावशी म्हणाली, "अग बाई! छत्री!"

"मावशी, तिथली हवा कोरडी..."

पण मावशी जिना चढू लागली होती. छत्री घेतली, दारात आली आणि थबकली.

"आरसा कुठाय?"

निघालेला माणूस परत फिरला की अपशकुन होतो, आणि आरशात बघून जीभ दाखवली की टळतो, हे सिझरानमध्ये ठाऊक आहे तसं पीटर्सबर्गमध्येही ठाऊक आहे.

"आरसा... दाचावर आहे."

"मग मी निघू कशी?"

"पर्समधल्यात बघा ना!"

"वेडा आहेस का, ग्लेबुश्का? पर्समधला आरसा माझ्याबरोबरच निघालेला आहे. त्यालाही अपशकुन झालाय. आरसा घरचा लागतो."

खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. बाथरूममधला चालेना, कारण त्यात फक्त कपाळ दिसतं आणि जीभ कपाळावर नसते. शेवटी ग्लेबने समोरचं दार वाजवलं. तिथे नोन्ना गेन्रिखोव्हना राहायच्या. निवृत्त शिक्षिका, आणि शहराबद्दल कुणी वावगं बोललं तर पट्टी शोधणाऱ्या.

"दुसऱ्याच्या घरचा आरसा दुसऱ्याच्याच प्रवासाचा," मावशी उंबऱ्यावरूनच म्हणाली.

"कुठे निघालात एवढ्या घाईत?" नोन्नाबाईंनी विचारलं.

"मॉस्कोला. हाच म्हणाला, इथे काय, ओल आणि खांब."

नोन्नाबाईंनी ग्लेबकडे पाहिलं. वर्गाबाहेर उभं करतात तसं.

"कपितोलिना येगोरोवना, आत या. चहा घ्या. राजवाड्यातलं मोराचं घड्याळ पाहिलंत? नाही? कालव्यांमधून होडीने फिरलात? नाही? मग आठवडाभर यांनी तुम्हाला दाखवलं काय?"

"दारं," मावशी म्हणाली.

दुसरा पेला होईपर्यंत टॅक्सी गेली, आणि तिसऱ्याला गाडी.

"काही बिघडलं नाही," मावशीने समजूत घातली. "शनिवारी दाचावर जाऊ. आरशात बघेन आणि मग सावकाश निघेन."

शनिवारी मावशीने आरशात पाहिलं, जीभ दाखवली, आणि बर्चच्या दोन झाडांमध्ये बांधलेला ग्लेबचा जाळीचा झोपाळाही पाहिला. त्यात ती जी पडली, ती संध्याकाळी सुके मासे सोलायलाच उठली. "मॉस्को कुठे पळून जातंय?" ती म्हणाली. रिम्माने काकड्यांना पाणी घालता घालता मान डोलावली.

रविवारी सकाळी एका पायरीवर बसून चहा पिताना ग्लेबच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मावशी इथे. रिम्मा इथे. म्हणजे सोफा तिथे, एकटा!

"मला ऑफिसचं काम निघालंय," तो म्हणाला.

"सुटीत?"

"तातडीचं."

"जा बाबा," मावशी झोपाळ्यातून म्हणाली. "आणि तो आरसा घेऊन जा. दाराशी आरसा नसलेलं घर म्हणजे धर्मशाळा. कुणीही यावं आणि जाऊच नये."

हे शेवटचं ग्लेबला इतकं पटलं की लोकलमध्ये त्याने आरसा लेकरासारखा मांडीवर धरून आणला आणि घरी पोचताच आधी जुन्या खिळ्यावर टांगला. मग सोफ्यावर पडून पाय लांब केले. छताचा एक कोपरा ओलावला होता. किती सुंदर दिसत होता तो! तिकडे बघायला कुणाला न्यायचं नव्हतं.

घंटी वाजली.

दारात नोन्नाबाई होत्या. रेनकोट, चपटे बूट, हातात दोन तिकिटं.

"मावशी कुठेत? त्यांना राजवाडा नीट दाखवायचं ठरलंय."

"त्या दाचावर."

"अरेरे. तिकीट वाया जाणार." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही शेवटचं आत कधी गेला होतात?"

ग्लेब काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने!"

"सहावीत. तुम्हीच नेलं होतंत."

"आणि घड्याळापाशी पोचायच्या आधीच तुम्ही पळालात. आठवतंय मला. बूट घाला."

बूट घालताना ग्लेबला युक्ती सुचली. तो निमूट बाहेर पडला, जिना उतरला आणि खालच्या दारात कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे! छत्री राहिली!" तो वर धावला, नोन्नाबाई मागोमाग. छत्री काखेत मारून तो वळला. आता पडेल चेहऱ्याने सांगायचं होतं, की नोन्ना गेन्रिखोव्हना, मी परत फिरलो, अपशकुन झाला, आज काही माझं...

पण परत फिरलेल्या माणसाची मान आईने लहानपणी लावलेल्या वळणाने जिकडे वळते, तिकडेच ती वळली. खिळ्यावरच्या आरशात एक दमलेला, छत्री घेतलेला गृहस्थ उभा होता. ग्लेबने काही ठरवायच्या आत त्या गृहस्थाने जीभ बाहेर काढली.

"टळला ना अपशकुन?" दारातून नोन्नाबाई म्हणाल्या. "जीभ आत घ्या आणि चला. आधी मोर."