समोरच्या घरातलं पुणं

आमच्या समोरचे नाना धुळ्याला दोनदा जायचे. आदल्या दिवशी पिशवी भरून, डबा बांधून रिक्षाने जळगावच्या स्टँडवर जायचे, बाकावर बसून डबा खायचे आणि घरी परत यायचे. दुसऱ्या दिवशी खरे जायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "पहिले करी देखू. मंग चूक व्हत नही."

मी नवी सून होऊन गल्लीत आले तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न होतं. त्याआधी नानांनी गल्लीतल्या माणसांना वरपक्ष करून मांडवात आणलं, हार घातले, पाय धुतले. शेजारचे शिंपीकाका व्याही झाले होते. सरबत गरम निघालं म्हणून ते खरोखर रुसले आणि खऱ्या लग्नाला आलेच नाहीत. मी पदराआडून बघतच राहिले. आमच्या माहेरी असलं काही नव्हतं.

पुढे नानांची बायको वारली. घरात नाना आणि प्रमोद राहिले. प्रमोद इंजिनिअर झाला. पाइपच्या कारखान्यात नोकरी मिळत होती, पण त्याला पुण्याला जाऊन एमबीए करायचं होतं. तिथेही नंबर लागला होता. नाना आमच्या ओट्यावर सासूबाईंना समजावत होते, "अक्का, इंजिनिअर मशीन चालवतो. एमबीए इंजिनिअरला चालवतो."

"आन एमबीएले कोन चालवस?"

"त्याची बायको."

प्रमोद हसला नाही. म्हणाला, "नाना, मी गेल्यावर तुमचं कसं होणार? नोकरीच धरतो."

"पहिले करी देखू," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ट्रंक, वळकटी घेऊन बापलेक स्टेशनवर गेले. पुण्याची गाडी सुटली तेव्हा प्रमोद शेजारी उभा होता, तरी नानांनी गाडीकडे बघून हात हलवला. मग त्याला ट्रंकेसकट आमच्या घरी आणून सोडलं. "आठ दिवस हा पुण्यात," म्हणाले. सासूबाई हो म्हणून बसल्या होत्या. मला तर ट्रंक दारात आल्यावरच कळलं.

सकाळी आमच्या ओट्यावर दात घासताना प्रमोदने हाक मारली, "नाना, दूध तापवलं का?" नाना समोर आपल्या दारात आभाळाकडे बघत उभे. शेवटी म्हणाले, "पुण्याहून ऐकू येत नाही."

गल्ली पोट धरून हसली.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला भरीत देऊन समोर पाठवलं. दार उघडंच होतं. चूल थंड. नाना पिठाची परात पुढ्यात घेऊन बसले होते.

"सूनबाई, एका माणसाला कणीक किती घेतात?"

मी मान खाली घातली.

"पहिल्या दिवशी दोघांची झाली, गायीला घातली. मग निम्मी घेतली, तरी उरली. मग केलीच नाही. मुरमुरे आहेत घरात."

आमचं खटल्याचं घर. एकट्याची कणीक मीही कधी मळली नव्हती. भरीत ठेवून निघाले तसे म्हणाले, "पोराला सांगू नका."

आठ दिवस झाले. सगळे ओट्यावर जमले. नानांनी जाहीर केलं, "तालीम फर्स्ट क्लास. एमबीए कर तू, जा."

प्रमोद त्यांच्या बसलेल्या गालांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही घरात गेला होतात ना? नाना जेवत होते का?"

पुरुषमाणसांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. नाना माझ्याकडे डोळे लावून बसले होते. खोटं बोलवेना. खरं सांगितलं तर पोराचं पुणं राहून जाणार.

"तुम्ही जा," मी म्हणाले. "नाना आमच्याकडे जेवतील."

आवाज माझाच होता, पण मला ओळखू येईना. ना ह्यांना विचारलं होतं, ना सासूबाईंना.

सासूबाईंनी मला खालीवर पाहिलं. "तुले जीभ शे, हाई आज समजनं." मग नानांकडे वळल्या. "तिखं चालस ना तुमले?"

नाना चष्मा पुसत राहिले.

प्रमोद गेला त्या दिवशी संध्याकाळी नाना आमच्या दारात उभे राहिले. हातात घरची दोन ताटं. एक त्यांचं. दुसरं प्रमोदचं, तेही त्यांनी माझ्याकडे दिलं.

"हे इथंच असू द्या, सूनबाई," म्हणाले. "तिकडे मांडणीवर सारखं दिसतं."