मोंबासाच्या धक्क्यावर

बालाजी घाटावरच्या होडीत बसून नलूमावशी नावाड्याला सांगत, "और हिलाओ भैया, अरबी समुद्र है ये." रामधनी बिचारा होडी डुगडुगवी, पुण्याहून आलेले यात्रेकरू काठ घट्ट धरून गंगामाईचा धावा करत, आणि मावशी डोळे मिटून पोटात ढवळतंय का ते तपासत. ढवळलं की घरी जाऊन कादंबरीचं एक प्रकरण हातावेगळं करत.

मावशी आमच्या शेजारी. वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलं नाही, सारा जन्म काशीत शाळेत संस्कृत शिकवण्यात गेला. कादंबऱ्या मात्र बारा लिहिल्या, सगळ्या वह्यांत. प्रत्येकीत जुन्या काळची एक मुलगी नुसत्या फोटोवर ठरलेल्या लग्नासाठी बोटीनं आफ्रिकेला निघते. वादळ होतं, कप्तान गरजेपेक्षा जास्त सज्जन निघतो, ती बोटीवर पुरणपोळ्या लाटते, आणि शेवटी मोंबासाच्या धक्क्यावर नवरदेव उभा असतोच. मी चेष्टा केली की म्हणत, "बिलकुल उभा असतो. तुला काय परेशानी?"

डोळे मिटण्याआधी एक तरी पुस्तक छापलेलं बघावं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून मी बँकेतून आल्यावर बारावी वही टाइप केली आणि पुण्याच्या एका प्रकाशकाला पाठवली. त्यांना आवडली, पण शेवट फार गोड वाटला. नवरदेव आलाच नाही असं केलंत तर छापू, म्हणाले.

मावशी ऐकणार नाहीत हे मला ठाऊक होतं. नको तिथे अक्कल चालवायची मला खोडच आहे. शेवटची दोन पानं मीच लिहिली आणि पाठवून दिली. होकार आला तेव्हा पेढे आणि ती पानं घेऊन त्यांच्याकडे गेलो.

मावशींनी उभ्या उभ्याच वाचलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. खाली बसून त्या जे बोलल्या, ते आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. एकविसाव्या वर्षी त्यांचं लग्न आफ्रिकेतल्या एका रेल्वे कारकुनाशी ठरलं होतं. वडील, म्हणजे अप्पा, त्यांना घेऊन मुंबईच्या बंदरावर पोचले आणि लक्षात आलं, गंगाजलाची सीलबंद लोटी मुंबईत ज्या घरी उतरले होते तिथेच राहिली. काशीची मुलगी गंगेशिवाय बोहल्यावर उभी राहणार, हे अप्पांना पटेना. दोघं परत गेले, लोटी घेऊन आले, तोवर बोट सुटली होती. अप्पांनी तो अपशकुन धरला आणि मुलीला काशीला परत आणलं. तार मुलाच्या गावी गेली, पण तो आधीच मोंबासाला निघाला होता. नंतर त्याचं एकच पत्र आलं. शेवटचा उतारू उतरेपर्यंत थांबलो होतो, एवढंच लिहिलं होतं.

मला मान वर करवेना. शेवट पूर्वीसारखा करतो, पण मग ते छापणार नाहीत, असं काहीतरी पुटपुटलो.

"नाही छापलं तर नाही," मावशी म्हणाल्या. "पण तो आला नाही असं कसं लिहिलंस रे? तो आला होता. बोटीत मीच नव्हते."